स्कॅन पडताळण्यासाठी फुप्फुस फॉर्मलिनमध्ये कसं ठेवायचं?

प्रश्न जळगावच्या विद्यार्थ्याचा आहे: सीटीतले डाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आहेत, पण फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणारं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) टाकलेलं फुप्फुस आकसतं, मग जुळवणी कशी करायची?

नुसतं बुडवू नका. हवा निघून गेलेलं फुप्फुस चपटं होतं आणि वायुकोश मिटतात. त्याची तुलना रुग्णाने श्वास भरून घेतलेल्या सीटीशी होऊच शकत नाही. १० टक्के न्यूट्रल बफर्ड (आम्लता उदासीन राखलेलं) फॉर्मलिन श्वासनळीतून आत सोडा. बाटली फुप्फुसापेक्षा साधारण २५ सेंटीमीटर उंच ठेवली की तेवढ्या पाण्याचा दाब मिळतो. फुगल्यावर नळी बांधा आणि किमान २४ तास, शक्यतो ४८ तास, त्याच द्रवात बुडवून ठेवा. थोडं आकसणं तरीही होतंच, म्हणून आधी-नंतरची मापं नोंदवा.

मोठी अडचण पुढे आहे. द्रव भरलेल्या फुप्फुसात हवा आणि ऊती यांतला फरक सीटीवर जवळजवळ पुसला जातो. त्यासाठी हाइट्झमन पद्धत वापरतात: पॉलिइथिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल, फॉर्मल्डिहाइड आणि पाणी यांचं मिश्रण भरून नंतर हवेने फुगवून वाळवायचं. दुसरा मार्ग म्हणजे हवेने फुगवून द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवणं. एमआरआय करणार असाल तर तो आधी करा, कारण फॉर्मलिनने टी१, टी२ (ऊतींचा एमआरआय संकेत ठरवणारे काळ) बदलतात.

सरावासाठी खाटकाकडून बोकडाचं फुप्फुस श्वासनळीसकट घ्या, मात्र चीर पडलेलं नको, द्रव गळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बर्फात आणा. फॉर्मलिनची वाफ कर्करोगकारक आहे, त्यामुळे काम फ्यूम हूडखालीच (वाफ ओढून बाहेर टाकणारं प्रयोगशाळेतलं कपाट). मानवी फुप्फुसासाठी नातेवाइकांची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या.