‘झोपवलं’ म्हणू नका, ‘मेला’ म्हणा

लाडका प्राणी गेल्यानंतर येणाऱ्या पत्रांतली घरं वेगळी असतात, गोंधळ मात्र तोच. म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न : कुत्रा जाऊन तीन आठवडे झाले, अजून रडू येतं. घरचे म्हणतात, ‘कुत्रंच होतं ना, माणूस थोडंच गेलंय?’ माझं काही बिघडलंय का?

नाही. तीन आठवडे म्हणजे काहीच नव्हे. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःखच मानत नाहीत, त्याची स्वतंत्र मांडणी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. प्राण्याचा मृत्यू हे त्याचं ठरलेलं उदाहरण. शिवाय प्राणी दिनक्रमात इतका मुरलेला असतो की मनाला कळलं तरी शरीराला कळत नाही. सकाळी सहाला जाग येते, हात पट्ट्याच्या खुंटीकडे जातो आणि तिथेच थांबतो. ती वेळ मोकळी ठेवू नका. त्याच वेळी, हवं तर त्याच रस्त्याने, चालून या. झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे. मला राग आलाच नाही. टप्पा राहून गेला का?

काही राहिलेलं नाही. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले टप्पे स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांवरून आलेले होते. ती हजेरीची यादी नाही.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मांजराची किडनी निकामी झाली, शेवटी इंजेक्शन दिलं. त्याचे डोळे उघडेच राहिले, मग एक आचकाही आला. त्याला त्रास झाला का? मी घाई केली का?

पापणी मिटायला स्नायूंना काम करावं लागतं. ते थांबलं की डोळे उघडेच राहतात, त्याचा वेदनेशी संबंध नाही. या इंजेक्शनात बहुधा पेंटोबार्बिटाल असतं. मुळात ते भुलीचं औषध, इथे मात्रा खूप जास्त. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. त्यानंतरचा आचका ही प्रतिक्षिप्त क्रिया, जाणीव तेव्हा उरलेली नसते. हे इंजेक्शनच्या आधी सांगायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवली जातात आणि घरचे ते दृश्य महिनोन्महिने उगाळत बसतात.

घाई झाली का, हे सांगू शकतील ते तुमचे प्राण्यांचे डॉक्टर. पंधरा मिनिटांची वेळ मागा, जुने रिपोर्ट बरोबर न्या आणि तीन गोष्टी विचारा : क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला घटक) कसं वाढत गेलं, वजन किती उतरलं, आणि आणखी एक आठवडा ठेवलं असतं तर त्या आठवड्यात काय झालं असतं. उत्तरं तिथेच लिहून घ्या. रात्री दोन वाजता आठवणीतले डॉक्टर काहीही बोलू लागतात.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. कुत्र्याला ‘डॉक्टरकाकांनी झोपवलं’ असं सांगितलं. आता तो रात्री झोपायला तयार नाही. समजूत कशी घालू?

समजूत घालू नका, खरं सांगा. हे पत्र दर महिन्याला येतं आणि दर वेळी तीच चूक असते. त्याने तुमचं वाक्य शब्दशः घेतलं : झोपलं की माणूस परत येत नाही, आणि झोपवतात ते डॉक्टर. उद्या याच मुलाला टाके घालायची वेळ आली आणि कुणी म्हणालं, ‘झोपेचं औषध देऊ’, तर काय होईल? ‘लांब गेला’ म्हटलं की मूल दारात वाट बघत बसतं. ‘देवाला आवडला’ म्हटलं की देवाला आणखी कोण आवडेल याची धास्ती घेतं. मरण कायमचं असतं, हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात कळू लागतं. म्हणजे तुमचा मुलगा नेमका उंबरठ्यावर आहे आणि तिथेच तुम्ही अंधार केलात.

आजच दुरुस्त करा. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याने जवळ बसून सांगावं : ‘आम्ही तुला चुकीचं सांगितलं. तो झोपला नाही, मेला. त्याचं शरीर खूप आजारी होतं, ते बंद पडलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. तो परत येणार नाही. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. शेपटी ओढली म्हणून मेला, असं मुलं मनात धरून बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मग त्यालाच विचारा, ‘तुला काय समजलं?’ तो हाच प्रश्न दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच शब्द वापरा. शब्द बदलले की मुलाला वाटतं, गोष्ट बदलली. खेळण्यातला कुत्रा ‘मेला मेला’ करत पुरला तर घाबरू नका, ओरडूही नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, कारण मात्र सांगा. अंथरूण ओलं होणं किंवा झोपेची भीती तीन-चार आठवड्यांत कमी झाली नाही, तर बालमानसतज्ज्ञाकडे न्या. ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं म्हणाला तर तेवढंही थांबू नका.

प्रश्न : दोन मांजरांपैकी एक गेलं. दुसरं कालपासून अन्नाला तोंड लावत नाही. शोक ओसरला की खाईल ना?

वाट बघू नका. मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साचू लागते, आणि लठ्ठ मांजराला धोका जास्त. शिवाय जो आजार पहिल्याला होता, तो दुसऱ्यालाही असू शकतो.

प्रश्न : हुबेहूब तसंच पिल्लू क्लोन करून मिळतं म्हणे. एक बाई फोटोवरून गेलेल्या प्राण्याशी बोलणंही करून देतात. अनुभव घ्यावा का?

पहिलं क्लोन केलेलं मांजर ‘सीसी’ २००१ साली जन्मलं. ज्याच्यापासून केलं ते काळं-नारिंगी-पांढरं होतं, सीसीवर नारिंगी ठिपकासुद्धा नव्हता. जनुकं तीच, मांजर दुसरं. स्वभाव तर विचारूच नका. बाईंबद्दल एवढंच : ‘त्याने तुम्हाला माफ केलंय’ हे ऐकायला पैसे मोजावेसे वाटत असतील, तर तुमचा खरा प्रश्न अपराधीपणाचा आहे. त्यासाठी समुपदेशक आहेत.

नवं पिल्लू आणायचं तर आधी गेलेल्याच्या मृत्यूचं कारण विचारा. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार, असेल तर त्याचा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने टिकतो, फरशी पुसायच्या साध्या द्रवाने मरत नाही. लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, पिल्लाला त्या जागेत आणू नका. आणि नाव तेच ठेवू नका.

प्रश्न : किती दिवसांनी डॉक्टरकडे जावं?

लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी २०२२ च्या डीएसएम-५-टीआर या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत मोठ्यांना बारा महिने, मुलांना सहा महिने धरले आहेत, तेही माणसाच्या मृत्यूनंतरचे. हे आकडे निदान करणाऱ्यासाठी आहेत, तुम्ही तोवर थांबावं म्हणून नव्हेत. कामावर जाणं सुटलं, दारू वाढली, तर या आठवड्यात जा. जगू नये असं वाटत असेल तर आजच, आणि घरातल्या एकाला आत्ता सांगा.

प्रश्न : मावशीच्या झोपेच्या गोळ्या घरात आहेत. अर्धी घेतली तर चालेल?

नाही. त्या मावशीला परत द्या.