युरोपियन युनियनकडे स्वतःचं सैन्यच नाही, मग भारताने त्यांच्याशी सुरक्षा करार करून नक्की काय मिळवलं?

सैन्य नाही हे अगदी खरंय. पण मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत डेक साइडला होतो, आणि युरोपियन युनियन म्हटलं की मला ब्रसेल्सच्या मुख्यालयातली कोट घातलेली माणसं आठवत नाहीत, एक फॉर्म आठवतो. २०११ साली थर्ड मेट, म्हणजे बोटीवरचा ज्युनियर अधिकारी होतो तेव्हा सोमाली चाच्यांच्या भीतीमुळे एडनच्या आखातातून जायचं म्हणजे आधी त्यांच्या मेरिटाइम सिक्युरिटी सेंटर हॉर्न ऑफ आफ्रिका नावाच्या ऑफिसला बोटीची सगळी कुंडली पाठवायची. स्पीड किती, पाण्यापासून डेक किती उंच, माणसं किती आणि कुठल्या देशांची, नेव्हींची गस्त असलेल्या कॉरिडॉरमध्ये कधी शिरणार, सगळं. रेलिंगला रेझर वायर गुंडाळलेली, फायर होज बाहेर सोडलेले, आणि रात्रीच्या वॉचला मच्छीमारांची होडी दिसली तरी छातीत धस्स व्हायचं. व्हीएचएफ रेडिओवर कधी स्पॅनिश वळणाचं इंग्लिश ऐकू यायचं, कधी आपल्या नेव्हीचा माणूस बोलायचा, आणि तो बोलला की आमचा रत्नागिरीकडचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, काही काम नसताना ब्रिजवर चहा घेऊन यायचा, फक्त तो आवाज ऐकायला.

तर सैन्य नसताना ती स्पॅनिश बोट तिथे कशी आली? डिसेंबर २००८ मध्ये युनियनने चाच्यांविरुद्ध अटलांटा नावाची नौदल मोहीम सुरू केली. आमच्याकडे शिमग्याला पालखी निघते ना, पालखी गावाची पण खांदे ज्याच्या त्याच्या घरचे, पाळी लावून, तसंच ते आहे. आज स्पेनची फ्रिगेट म्हणजे युद्धनौका, उद्या इटलीची, कधी फ्रान्सची. आपली नेव्ही त्याच्या दोनेक महिने आधीच, ऑक्टोबर २००८ पासून तिथे होती, पण दुसऱ्या कोणाच्या कमांडखाली आपलं जहाज द्यायचं नाही हे दिल्लीचं जुनं धोरण, त्यामुळे आपण अटलांटात कधी सामील झालो नाही, शेजारी उभं राहून काम केलं. बहारीनला सगळ्या नेव्ही बसून बोलायच्या, कोण कुठे गस्त घालतंय, कोणाचा कॉन्व्हॉय, म्हणजे पहाऱ्यात नेलेला बोटींचा ताफा, कधी सुटतोय, आणि २०१२ पासून तर भारत, चीन आणि जपान यांनी कॉन्व्हॉयची टाइमटेबलं एकमेकांशी जुळवून घेतली, हो, चीनसुद्धा. लोकांना सहकार्य म्हटलं की संयुक्त फौजा दिसतात, प्रत्यक्षात ते एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखं काम असतं.

आणि त्याचा उपयोग काय ते बघायचं तर एमव्ही रुएनची केस बघा. माल्टाच्या झेंड्याची बोट, १४ डिसेंबर २०२३ ला सोमाली चाच्यांनी अरबी समुद्रात पकडली, २०१७ नंतर त्यांना जमलेलं हे पहिलंच अपहरण. अटलांटातली व्हिक्टोरिया नावाची स्पॅनिश फ्रिगेट तिच्या मागावर गेली, आपली आयएनएस कोचीही गेली, एक जखमी खलाशी चाच्यांनी सोडला त्याला आपल्या लोकांनी ताब्यात घेऊन उपचार केले. बोट मात्र सोमालियाच्या किनाऱ्याला नेऊन ठेवली आणि तीन महिने तिथेच. मार्चमध्ये तिचाच अड्डा करून चाचे पुन्हा समुद्रात उतरले तेव्हा आयएनएस कोलकाताने तिला अडवलं. चाच्यांनी आपल्या नेव्हीचं ड्रोन गोळ्या घालून पाडलं, वरून सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो होड्यांसकट समुद्रात उतरवले, जवळपास ४० तास हे चाललं, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर. शेवटी ३५ जण शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. त्यात बल्गेरियाचे ७ होते, आणि बल्गेरिया युनियनचा सदस्य, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर आभार मानले.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. २३ मार्च २०२४ ला आयएनएस कोलकाताने त्या ३५ जणांना मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिलं. समुद्रात चाचा पकडणं त्यामानाने सोपं, त्याचं करायचं काय हा खरा प्रश्न, कारण खटला चालवायला कोणी तयार नसतं. कित्येकदा शस्त्रं समुद्रात फेकून त्यांना सोडून द्यायचे. युनियनने त्यासाठी केनिया, सेशेल्स, मॉरिशस यांच्याशी करार केले होते. आपण २०११ मध्ये शंभरावर सोमाली पकडून मुंबईला आणले तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता, खटले वर्षानुवर्षं रेंगाळले. आता २०२२चा अँटी पायरसी कायदा आहे, आणि रुएनचे चाचे त्याच कायद्याखाली आत गेले. पाठलागात त्यांचं जहाज, कमांडो आपले आणि कोर्ट मुंबईचं. हे सहकार्य नाही तर काय आहे?

सगळं गोडगोडच आहे असं मी म्हणत नाहीये. २०१० मध्ये शिपिंगवाल्यांनी धोक्याच्या पट्ट्याची हद्द वाढवत ७८ अंश रेखांशापर्यंत आणली, म्हणजे आपला अख्खा पश्चिम किनारा आत! बोटींचा विमा वाढला, आणि बंदूकधारी गार्ड घेतलेल्या बोटी आपल्या मच्छीमारांच्या अंगणातून जायला लागल्या. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळजवळ एन्रिका लेक्सी या टँकरवरच्या इटालियन नौसैनिकांनी मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या, आपले दोन मच्छीमार गेले. पुढे काय झालं माहितीये? २०१२ नंतर थेट २०१६ पर्यंत भारत आणि युनियनची शिखर बैठकच झाली नाही. इतरही कारणं होती, पण एका देशाचं दुखणं अख्ख्या गटाचं झालं हे खरं, कारण परराष्ट्र धोरणात त्यांच्याकडे सगळे २७ देश हो म्हटल्याशिवाय पान हलत नाही. ती हद्द मागे घ्या म्हणून भारत सतत भांडला, आणि २०१५ च्या डिसेंबरात ती ६५ अंशांवर गेली. त्या वेळी चाचेगिरीवरच्या आंतरराष्ट्रीय संपर्क गटाचं अध्यक्षपद युनियनकडे होतं. म्हणजे भांडण चालू आणि कामही चालू, दोन्ही एकाच वेळी.

आता तुम्ही ज्या कराराबद्दल विचारताय तो जानेवारी २०२६ चा. प्रजासत्ताक दिनाला युनियनच्या आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन आणि युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष अँटोनियो कोस्टा पाहुणे होते, दुसऱ्या दिवशी मुक्त व्यापार कराराची बोलणी संपल्याचं जाहीर झालं आणि त्याच्या गडबडीत ही सुरक्षा भागीदारी बातम्यांत मागे पडली. (कोस्टा म्हणजे आपल्या मडगावच्या घराण्यातले बरं का, घरचे त्यांना बाबुश म्हणतात, गोव्यातल्या माझ्या मित्रांना त्या करारापेक्षा हेच जास्त महत्त्वाचं वाटलं.) त्यात सागरी सुरक्षा, सायबर, दहशतवाद, अंतराळ, संरक्षण उद्योग असे विषय आहेत, शिवाय गोपनीय माहिती एकमेकांना देण्याच्या वेगळ्या करारावर बोलणी सुरू करायची ठरलंय, आणि माझ्या मते खरी किंमत त्या शेवटच्या गोष्टीला आहे, कारण समुद्रात माहिती उशिरा मिळाली की ती रद्दीच.

शस्त्रं मात्र या करारातून येत नाहीत. माझगाव डॉकला सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये नेव्हीत आली, त्याचा व्यवहार फ्रेंच कंपनीशी. राफेलही तसंच. तिथे ब्रसेल्सला कोणी विचारत नाही.

आणि उद्या चीनने काही केलं तर हे धावून येतील का, तर नाही. एकमेकांच्या मदतीला जायचं त्यांचं ४२.७ कलम फक्त सदस्य देशांपुरतं आहे. आपणही त्यांच्यासाठी रशियाशी वैर घेणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांनी रशियन भागीदारी असलेल्या नायरा कंपनीच्या गुजरातमधल्या वाडीनार रिफायनरीवर निर्बंध टाकले, सप्टेंबरात आपण रशियाच्या झापाद या लष्करी सरावाला गेलो, त्यावर युनियनच्या परराष्ट्र धोरण प्रमुख काया कालास जाहीर नाराजी बोलल्या. आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी अटलांटाची दोन जहाजं, एक इटालियन एक स्पॅनिश, मुंबई बंदरात येऊन थांबली आणि जाताना आपल्या नेव्हीबरोबर सराव करून गेली.

त्या फॉर्मवाल्या ऑफिसचं नाव आता बदललंय, हॉर्न ऑफ आफ्रिका जाऊन इंडियन ओशन झालंय. माझा भाचा सध्या टँकरवर सेकंड मेट आहे, मागच्या ट्रिपला एडनच्या आधी त्याने फोन केला, मामा, या लोकांना रात्री तीनला मेल टाकली तर कोणी बघतं का? म्हटलं बघतात, आमच्या वेळी तरी बघायचे, टाक.