घरी बांधलेल्या जळण-कापणी यंत्राला कोणत्या मापाची चेन लावावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. भांडुपच्या गाळ्यात आपण ओंडके कापून फोडण्याचे यंत्र स्वतः बांधत आहात. साडेसात एचपीची, मिनिटाला २८८० फेऱ्यांची थ्री-फेज मोटर हाताशी आहे. लाकूड बहुतेक पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीतले, म्हणजे पर्जन्यवृक्ष, गुलमोहर आणि आंबा, १४ इंच जाडीपर्यंतचे. चेन ३/८ इंची घ्यावी, ०.४०४ इंची घ्यावी, की परदेशातल्या मोठ्या यंत्रांवर असते तशी ३/४ इंची, हे ठरत नाही. माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो: ३/८ इंच पिच, १.६ मिलिमीटर गेज, सेमी-चिझेल (गोलसर कोपऱ्याचे) दाते आणि १८ इंची बार. पिच म्हणजे चेनच्या सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचे निम्मे, बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पोलादी पट्टी, आणि गेज म्हणजे तिच्या खोबणीत जाणाऱ्या चेनच्या भागाची जाडी.

चेनचे माप ओंडक्याच्या जाडीवरून ठरवावे असे बहुतेकांना वाटते, पण जाडीवरून फक्त बारची लांबी ठरते. चेनची पिच ठरते ती तिच्यामागे किती ताकद आहे आणि तिला ओंडक्यावर किती जोराने दाबले जाणार आहे यावरून. ९० सीसीच्या आसपासच्या, हातात धरायच्या मोठ्या चेनसॉची ताकद साधारण ७ एचपी असते आणि ३/८ च्या चेनवर ती मोठमोठी झाडे पाडते. आपली मोटर त्याच पंक्तीत बसते. ३/४ इंची चेन अवजड हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रांसाठी असते. तिचा काप इतका रुंद पडतो की आपली मोटर अर्ध्या ओंडक्यातच दम टाकेल.

०.४०४ चा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा, कारण ती चेन खरोखर मजबूत आहे आणि लाकूड कापणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रांवर २ मिलिमीटर गेजमध्ये तीच जास्त वापरली जाते. पण तिथे मागची ताकद निराळी असते. हायड्रॉलिक ताकदीचा हिशोब सोपा आहे: दाब बारमध्ये (हा बार दाबाचे एकक, पट्टी नव्हे), प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागला की किलोवॉट मिळतात. १७५ बार आणि ६० लिटर म्हणजे साडेसतरा किलोवॉट. आपल्याकडे आहेत साडेपाच, आणि मध्ये पंप व हायड्रॉलिक मोटर घातली तर त्यातलाही निदान चौथा हिस्सा तेल तापवण्यात जातो. म्हणून चेनचा शाफ्ट मोटरवरून थेट व्ही-बेल्टने फिरवावा आणि हायड्रॉलिक फक्त ओंडके फोडण्यासाठी ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. बार अडकला तर बेल्ट घसरतो आणि चेन वाचते, हा लाभ वेगळाच.

आता वेगाचे गणित पाहू. स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दाता चेनला पिचच्या दुप्पट अंतर पुढे सरकवतो. ३/८ मध्ये ते अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे ८ दाती स्प्रॉकेट एका फेऱ्यात १५२.४ मिलिमीटर, बरोबर ६ इंच चेन ओढते. मोटरला स्प्रॉकेट थेट जोडले तर चेनचा वेग सेकंदाला ७.३ मीटर पडतो. हा वेग फार कमी आहे, चेनचा दाता कापण्याऐवजी अडखळत राहतो. मोटरवर ६ इंची आणि शाफ्टवर ३ इंची, अशा बॅलन्स केलेल्या पुल्या आणि तीन बेल्ट लावले तर शाफ्ट ५७६० फेऱ्यांवर जातो आणि चेनचा वेग १४.६ मीटर होतो. हातातल्या चेनसॉचा वेग २० मीटरच्या आसपास असतो, त्या मानाने हा कमी आहे. तरीही जागेवर बसवलेल्या यंत्रासाठी मला तो पुरेसा आणि सुरक्षित वाटतो.

दाबाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरी बांधलेल्या यंत्रांत चेन तुटते ती बहुधा इथेच. पुष्कळ जण बार खाली आणायला हायड्रॉलिक सिलिंडर लावतात. ४० मिलिमीटर बोअरचा लहानसा सिलिंडरसुद्धा १०० बार दाबावर सुमारे साडेबाराशे किलोच्या जोराने ढकलतो, आणि हातातल्या चेनसॉवर तर तिचे स्वतःचे सहा-सात किलो वजन आणि माणसाचा हात एवढाच भार असतो. सिलिंडरला चेन बोथट झाल्याचे कळत नाही, तो दाबतच राहतो. आपण बारला लांब दांड्याचा हँडल आणि मागे प्रतिवजन लावून तो हातानेच उतरवा. चेनचे ऐकून दाब देता येतो आणि मग ३/८ ची चेन सहज पुरते.

माप घेताना घाई करू नका. आपल्याकडे कारागीर ३/८ ला तीन सूत म्हणतात आणि ०.४०४ सव्वातीन सुताच्या जवळ येते, त्यामुळे पट्टीवर दोन्ही सारख्याच दिसतात. सलग तीन रिव्हेटांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजून निम्मे करावे, ती पिच. ३/८ मध्ये हे पूर्ण अंतर १९.०५ भरते, ०.४०४ मध्ये साधारण २०.५. गेज म्हणजे बारच्या खोबणीत जाणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी, आणि माझी चूक तिथेच झाली होती. पहिल्या यंत्रासाठी एका दुकानातून ‘तीन सुती’ म्हणून चेन आणली आणि गेज न तपासता चढवली. बारची खोबण १.६ ची होती, चेन निघाली १.३ ची. हाताने फिरवून पाहिली तेव्हा छान फिरली. पण आंब्याच्या ओंडक्यात चार इंच उतरल्यावर ती एका बाजूला कलली, काप ताटाच्या कडेसारखा वाकला, बार आत घट्ट आवळला गेला आणि बेल्टमधून धूर निघाला. ओंडका पाचरी मारून फोडावा लागला. चेनच्या तीन ड्राइव्ह लिंक वाकल्या होत्या. तेव्हापासून बार, चेन आणि स्प्रॉकेट मी एकाच वेळी, शेजारी ठेवून, मोजूनच घेतो.

३/८ घ्यावी असे मी म्हणतो त्याचे आणखी एक कारण आपल्या लाकडातच आहे. मुंबईच्या रस्त्याकडेच्या झाडात काय नसते? जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, रोषणाईच्या तारा, कुंपणाची गुंतलेली जाळी, आणि बुंध्याशी गेलात तर सिमेंटसुद्धा. इथे चेन झिजून संपत नाही, खिळ्यावर जाऊन संपते. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात ३/८ ची चेन मागितली की सहसा लगेच मिळते. जाड गेजची ०.४०४ मागवावी लागते आणि तोवर यंत्र उभे राहते. सेमी-चिझेल दाता सुचवतो तोही याचसाठी. त्याचा कोपरा गोलसर असल्याने माती-धुळीत धार जास्त टिकते. धार करायला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस, चेनच्या उत्पादकाने सांगितलेली असेल ती, वापरावी, कोन ३० अंशांचा धरावा आणि डेप्थ गेज, म्हणजे दात्यापुढचा उंचवटा, दात्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवावा. कापातून ढलप्या पडत आहेत तोवर ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की यंत्र थांबवा आणि कानस हातात घ्या. ओंडका चढवण्यापूर्वी साल तपासा. सालीवर काळपट निळा डाग दिसला तर आत लोखंड असण्याचा संभव मोठा.

चेनच्या लिंक किती हे बार आणि स्प्रॉकेट पक्के बसवल्यावरच मोजावे. एक ड्राइव्ह लिंक वाढवली की बार साडेनऊ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो, म्हणून ताण देण्याची खाच निदान २५ मिलिमीटर लांब ठेवा. तेलासाठी वरच्या टाकीतून थेंब-थेंब पडेल असा व्हॉल्व्ह पुरेसा आहे, मात्र वापरलेले इंजिन ऑइल घालू नका. पावसाळ्यात यंत्र दोन-चार दिवस बंद राहणार असेल तर चेन काढून तेलात बुडवून ठेवा, नाहीतर आपल्या दमट हवेत तिचे सांधे आखडतात.

तुटलेल्या चेनचा तुकडा बारच्या रेषेत गोळीसारखा सुटतो. त्या रेषेत, पुढे आणि मागे दोन्हीकडे, जाड पत्र्याचे आवरण हवे. हँडल धरणाऱ्याची जागा बाजूला हवी आणि त्याच्यासमोर जाड पॉलिकार्बोनेट हवे, काच नको. स्विच बंद केल्यावरही चेन काही सेकंद फिरत राहते, म्हणून शाफ्टवर ब्रेक बसवा, आणि गाळ्याचे दार त्या रेषेत येत असेल तर यंत्र जमिनीला बोल्ट करण्याआधीच वळवून घ्या.