दिवाळीनंतर हप्ते थांबतात तेव्हा

दादा, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बीडच्या पाटोदा तालुक्यात ४० बचत गट, पहिल्या वर्षी परतफेड चोख, आणि यंदा दिवाळी झाल्यापासून निम्म्या गटांचे हप्ते बंद. बैठकीला चार बायका येतात, त्याही म्हाताऱ्या. दंड वाढवावा का, असं तुम्ही विचारलंय.

दंड वाढवू नका. मी वाढवला होता.

धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात मी अकरा वर्षं गटांचं काम केलं. पंचसूत्री (गट चालवायचे पाच नियम), ठराव, वह्या हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही. तुमच्या पोस्टमध्ये ऊसतोडीचा शब्दही नाही, पण पाटोदा आणि दिवाळी एका वाक्यात आली की मला दुसरं काही सुचत नाही. तुमच्या बायका पळालेल्या नाहीत. त्या उसाच्या फडात, तोडीला गेल्या आहेत. (तुमच्या गावांत तोडीला जाणारी घरं खरंच कमी असतील तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही, तसं सांगा.)

आमची गोष्ट सांगते. कर्जासाठी आम्हाला निधी देणारी एक संस्था होती, नाव घेत नाही. तिच्याकडे दर महिन्याला एकच तक्ता जायचा: येणं किती, आलं किती. बारा समान हप्ते, दहा तारखेच्या आत. आमच्याकडची निम्मी घरं दसरा-दिवाळीला गाव सोडतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात, हे मी पत्राने कळवलं, दोनदा जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी तक्त्यावरची नजर वर न करता सांगितलं, "मग जाण्याआधी सहा हप्ते आगाऊ घ्या." आणि मी ते मान्य केलं. माझी सगळ्यात मोठी चूक ही.

भादव्यातल्या बैठकीत एका बाईने सहा हप्ते एकदम मोजून ठेवले. मी तिचं नाव घेऊन सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या वर्षी आमची वसुली शंभर टक्के. पुढे वैशाखात तिच्या सासूकडून कळलं ते असं: ती बाई त्या वर्षी जाणारच नव्हती. थोरली मुलगी सातवीत होती, तिच्यासाठी घरी राहायचं ठरलं होतं. पण हप्त्यांसाठी नवऱ्याने मुकादमाकडून (तोडीला मजूर नेणारा ठेकेदार) जास्तीची उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, घेतली, आणि मुकादमाने सांगितलं की एवढी उचल पूर्ण कोयत्यालाच, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीलाच मिळेल, अर्ध्याला नाही. म्हणून ती गेली. धाकट्याला सांभाळायला मुलगीही गेली, ती पुन्हा शाळेत बसली नाही. नंतर मी वह्या घेऊन घरोघर फिरले. आगाऊ हप्ते भरणाऱ्या बहुतेक घरांची हीच कथा होती. आमचं कर्ज मुकादमाच्या उचलीतून फिटत होतं आणि ती उचल त्या बायकांच्या अंगातून फिटत होती.

तेव्हापासून शंभर टक्के वसुली पाहिली की मी आधी विचारते, पैसा आला कुठून. आंध्रात २०१० साली सूक्ष्म वित्ताचा, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याच्या धंद्याचा, डोलारा कोसळला, त्याच्या आधीही वसुलीचे आकडे उत्तमच होते. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्यातून जात होता. आता रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत. चांगला आहे. पण मुकादमाची उचल कुठल्याच क्रेडिट रिपोर्टात दिसत नाही. ती तुम्हालाच विचारावी लागते, तीही बैठकीत नाही, चुलीपाशी बसून.

मग आम्ही काय बदललं? निधी देणारे बदलले, त्यात दोन वर्षं गेली आणि १९ गट मोडले. नंतर परतफेड घराच्या पैशाप्रमाणे लावली. तोडीला जाणाऱ्या घराला कर्ज उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे उचलीचा सौदा व्हायच्या आत. हंगामात फक्त व्याज, तेही जमलं तर. मुद्दल शेळी-बोकड विकले की, नाहीतर परतल्यावर. शेळ्या गावात राहिलेली सासू सांभाळते, म्हणून तिलाही गटात घ्या. तिला सही येत नाही म्हणून वगळू नका. गटाच्या दहा-पंधरा हजारांत लाखाच्या घरातली उचल सुटत नाही, हे मी कुणालाही खोटं सांगणार नाही. पण बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी घेतलेली वरची उचल कमी होते, आणि कधीकधी तेवढ्यावर एक बाई घरी राहते.

कार्यक्रम स्वतःच्या पायावर उभा राहण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. माझं मत जरा कडक आहे, पटेल तेवढं घ्या. गटाच्या व्याजातून हिशेब लिहिणाऱ्या बाईचं मानधन निघालंच पाहिजे. ते अनुदानातून देत राहिलात तर अनुदानाबरोबर वह्याही बंद पडतील. मात्र त्यासाठी सपाट व्याज, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, लावू नका. १०,००० रुपये, महिना २ टक्के, १२ हप्ते: सपाट धरलं तर व्याज २,४०० होतं, उरलेल्या मुद्दलावर धरलं तर १,३००. बायकांना दोन्ही "दोन टक्के"च सांगितले जातात. याचा मला अजून संताप येतो.

एक वेगळी गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. हप्ते थकले की काही बँक शाखा गटाचं बचत खातं अडवून ठेवतात. आमच्या एका शाखेने दोन गटांची बचत आठ महिने अडवली होती आणि प्रत्येक खेपेला "मॅनेजर रजेवर" एवढंच ऐकायला मिळालं. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही आणि बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. त्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्यात आमचे सहा महिने गेले. मी बँकेतली नाही, वकीलही नाही. तुमच्या कर्जाचा प्रकार वेगळा असेल तर आधी तपासून घ्या.

आत्ता लगेच करायचं ते: प्रत्येक गटातली कोण कुठल्या कारखान्याला गेली, किती उचलीवर गेली, घरी कोण राहिलं, याची यादी करा. फोनवर हप्त्याचं बोलू नका, तब्येत विचारा. पाडव्यापर्यंतचा दंड ठराव करून माफ करा आणि तो ठराव गावात राहिलेल्या सासवांना वाचून दाखवा, निरोप फडापर्यंत पोचतो. यादी झाली की इथे लिहा, नावं न टाकता. हप्ते कसे बसवायचे ते एकेका गटाचं बघून सांगेन.