व्हाउचर वापरून मिळालेली बिझनेस क्लासची सीट हीथ्रोवर काढून घेतली, तर भरपाई किती आणि कुठे मागायची?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. आई-वडिलांसाठी मुंबई-लंडन-बॉस्टन आणि परत अशी प्रीमियम इकॉनॉमीची तिकिटं एका परदेशी विमान कंपनीकडून काढली. भाडं प्रत्येकी २,१०,००० रुपये, कर वेगळे. जाताना लंडन-बॉस्टन टप्प्यासाठी वडिलांना माझ्या खात्यातलं अपग्रेड व्हाउचर (वरच्या वर्गात जागा मिळवून देणारं) लावलं. आईसाठीचं व्हाउचर व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एकाकडून २२,००० रुपयांना घेतलं. त्याने आपल्या खात्यातून आईचं नाव लावून दिलं. शिवाय प्रत्येकी ३८,००० रुपये कंपनीकडे भरले आणि बिझनेस क्लासची नवी ई-तिकिटं आली. हीथ्रोवर विमान बदलल्याचं सांगून दोघांना पुन्हा प्रीमियम इकॉनॉमीत बसवलं. व्हाउचरची मुदतही आता संपली आहे. कंपनी प्रत्येकी १५,००० रुपयांचं ट्रॅव्हल क्रेडिट देते आहे. घ्यावं का? पुण्यात तक्रार करता येईल का?

उत्तर : क्रेडिट स्वीकारू नका. वेबसाइटवरचं ‘स्वीकारतो’ हे बटणसुद्धा दाबू नका, कारण त्या मजकुरात बहुधा ‘सर्व दाव्यांची पूर्ण फेड’ असं एक वाक्य असतं. पुण्यात तक्रार नक्की करता येते. पण आईचा आणि वडिलांचा दावा सारखा भक्कम नाही.

आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहू. विमान ब्रिटनमधल्या विमानतळावरून सुटलं की कंपनी कोणत्याही देशाची असो, विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीच्या युरोपीय नियम २६१/२००४ चं ब्रिटनने कायम ठेवलेलं रूप लागू होतं. त्यातलं कलम १० सांगतं की ज्या वर्गाचं तिकीट घेतलं त्याहून खालच्या वर्गात बसवलं, तर तिकिटाच्या किमतीचा काही भाग ७ दिवसांत परत द्यायचा. लंडन-बॉस्टनसारख्या साडेतीन हजार किलोमीटरहून लांब उड्डाणाला हा भाग ७५ टक्के आहे. विमान बदललं, तांत्रिक बिघाड झाला, ही कारणं इथे चालत नाहीत. ‘असाधारण परिस्थिती’ची सूट या कलमात नाहीच. पैसे रोख, बँकेतून किंवा चेकने द्यायचे असतात. क्रेडिट द्यायचं तर प्रवाशाची सही केलेली संमती लागते. म्हणूनच कंपनी तुमच्या संमतीसाठी मागे लागली आहे.

हा ७५ टक्क्यांचा आकडा पूर्ण तिकिटावर लागत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये मेनेन्स विरुद्ध एमिरेट्स या खटल्यात ठरवलं की फक्त खाली बसवलेल्या टप्प्याची किंमत धरायची आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर वगळायचे. टप्प्याची किंमत वेगळी दिलेली नसेल तर अंतराच्या प्रमाणात काढायची. ब्रेक्झिटच्या आधीचा हा निकाल ब्रिटनमध्येही आधाराला घेतला जातो. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-बॉस्टन सुमारे ५,२४०, म्हणजे जाऊन-येऊन २४,८८०. त्यात तुमच्या टप्प्याचा वाटा २१ टक्के, भाड्यातले सुमारे ४४,२०० रुपये. याच टप्प्यासाठी भरलेले ३८,००० त्यात मिळवले की ८२,२०० होतात आणि त्याचे ७५ टक्के म्हणजे ६१,६५० रुपये प्रत्येकी.

खरी लढाई पुढे आहे. कंपनीचा वकील युरोपीय आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवेल. त्यांत म्हटलं आहे की वर्ग ठरवायचा तो विकत घेतलेल्या तिकिटावरून, निष्ठा योजनेतून (नेहमीच्या प्रवाशांना कंपनी देते त्या फायद्यांतून) मिळालेल्या सवलतीवरून नव्हे. नुसतं व्हाउचर लावून फुकट वर गेलेल्या प्रवाशाला हा मुद्दा जड जातो. तुमचं तसं नाही. तुम्ही पैसे मोजले, कंपनीने जुनं तिकीट रद्द करून नवीन दिलं. शिवाय मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. तरीही एकाच मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. नोटिशीत मुख्य मागणी ६१,६५० रुपयांची करा. ती मान्य नसेल तर पर्यायी मागणी कराराची : सेवा दिलीच नाही म्हणून ३८,००० रुपये पूर्ण परत. दोन्ही रकमा एकत्र मागितल्या तर एकच पैसा दोनदा मागितल्याचा आक्षेप येईल. वडिलांचं व्हाउचर मात्र दोन्ही पर्यायांत परत मागायचं, वापरल्या दिवशी जेवढी मुदत शिल्लक होती तेवढ्या नव्या मुदतीसह.

म्हणून ई-तिकिटाची पावती नीट पाहा. अपग्रेडनंतर नवा १३ अंकी तिकीट क्रमांक आला का? बुकिंग वर्गाचं अक्षर बिझनेसचं आहे का (बहुतेक कंपन्यांत जे, सी, डी, आय, झेड यांपैकी एक)? आणि स्थिती ‘एचके’, म्हणजे निश्चित, आहे का? ‘एचएल’ असेल तर ती प्रतीक्षायादी होती आणि दावा जवळपास संपतो. दोन्ही बोर्डिंग पास, पैसे भरल्याचा पुरावा आणि व्हाउचर वापरल्याची खात्यातली नोंद आजच जपून ठेवा. कंपन्या जुन्या नोंदी खात्यावरून काढून टाकतात.

आता आईचं व्हाउचर. बहुतेक योजनांच्या अटींत विक्रीला सक्त मनाई असते. विकलेलं व्हाउचर सापडलं तर ते रद्द करणं, तिकीट रद्द करणं, विकणाऱ्याचं खातं बंद करणं असे अधिकार कंपनी राखून ठेवते. शिवाय परत मिळालं तरी ते त्या माणसाच्याच खात्यात जाणार, म्हणून आईच्या वतीने व्हाउचर मागू नका. फक्त पैसे मागा. ते २२,००० कंपनीकडून मिळणार नाहीत आणि विकणाऱ्याकडून मिळणंही कठीण, कारण त्याने कबूल केलेलं काम केलं होतं. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात हे व्हाउचर भेट मिळाल्याचं लिहू नका. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि त्यामुळे वडिलांचा स्वच्छ दावाही मार खाईल. मी तर दोन वेगळ्या तक्रारी करायला सांगेन : आधी वडिलांची, आणि तिचा रागरंग पाहून, पण मुदत संपण्याआधी, आईची.

कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला स्पीड पोस्टने आणि ईमेलने १५ दिवसांची नोटीस द्या. उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ मुळे तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. मुदत दोन वर्षं. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही. तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. तुम्ही पैसे भरले आणि प्रवास वडिलांनी केला, म्हणून दोघांनाही तक्रारदार करा. तुमच्या संमतीने सेवा घेणारे वडीलही कायद्याने ग्राहकच आहेत. सेवा मोफत होती, असा बचाव येईल. भाड्याची आणि ३८,००० ची पावती हेच त्याला उत्तर. परदेशी कायदा इथे पुराव्याने सिद्ध करावा लागतो, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या प्रवास अटी जोडा. त्यांत २६१ चा उल्लेख असेल तर काम बरंच हलकं होतं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या कंपनीच्या जबाबदारीविषयीच्या मॉन्ट्रियल कराराचा मुद्दा निघाला तर तो करार मृत्यू, दुखापत, सामान आणि विलंब यांविषयी आहे, खालच्या वर्गात बसवण्याविषयी नाही, हे मांडा.

पुढच्या वेळी स्वस्त बिझनेस क्लाससाठी डब्लिन किंवा ऑस्लोहून सुरू होणारं तिकीट घ्यायचं मनात असेल, तर दर अनेकदा खरोखर उतरलेले असतात. पण मुंबईहून तिथवरचं तिकीट वेगळं असेल तर चुकलेलं जोडविमान तुमच्या खिशातून जातं, आणि भारतीय पासपोर्टवर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायला त्या देशाचा व्हिसा लागतो. आणि त्या तिकिटातला पहिला टप्पा सोडून दिला तर पुढचे सगळे रद्द होतात. व्हाउचर लावायचं असेल तर तिकिटाचं भाडं त्याला पात्र आहे का आणि वरच्या वर्गात जागा तत्काळ निश्चित होते का, हे कंपनीकडून लेखी घेऊन मगच पैसे भरा.