मिसा-डीआयआरचे कागद: मूळ दाखला हातचा सोडू नका

आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या तुमच्या वडिलांचा तुरुंगवासाचा दाखला कार्यालयात 'सापडत नाही' हे वाचलं आणि पोटात कालवलं. आमचंही हेच झालं होतं. अर्ज तुम्ही केलेलाच आहे, त्यात शिरत नाही.

2018 मध्ये आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांसाठी राज्याची मानधन योजना आली तेव्हा बाबा हयात नव्हते, म्हणून आईच्या नावाने अर्ज केला. खिडकीवर मूळ दाखला मागितला आणि मी झेरॉक्स न काढता, पोच न घेता देऊन टाकला. काही महिन्यांनी गेलो तर फाइलीत दाखला नाही, टेबलावरचा माणूसही बदललेला. "तुम्ही दिलाच नव्हता," हे आईच्या तोंडावर ऐकवलं. तो अपमान अजून विसरलेलो नाही. पोलिसांकडे अटकेची तारीख मिळाली, सुटकेची नाही. तुरुंगवास महिन्याच्या आत की महिन्याहून जास्त, यावरच रक्कम ठरते. बाबा 41 दिवस आत होते, तरी आई कमी रकमेत बसली. पुढे 2020 ला योजनाच थांबली, 2022 ला परत सुरू झाली.

शिवाय मिसाच्या (विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा) यादीत नाव शोधण्यात आमचे दोन महिने गेले. बाबा 14 नोव्हेंबर 1975 ला सुरू झालेल्या लोकसंघर्ष समितीच्या आणीबाणीविरोधी सत्याग्रहातले, म्हणजे डीआयआरखाली (भारत संरक्षण नियम) पकडलेले. तुमचे वडील कशाखाली होते ते आधी बघा.

राग येतो तो याचा. जयप्रकाश नारायणांच्या बिहारमधल्या 1974 च्या आंदोलनातून लालूप्रसाद, नीतीशकुमार पुढे आले. आणीबाणीनंतर 1977 ला दिल्लीत जनता पक्षाचं पहिलं बिगरकाँग्रेस सरकार बसलं, त्याच पक्षातून 1980 ला भाजप निघाला. पंतप्रधान मोरारजी देसाईंचं ते सरकार अडीच वर्षंही टिकलं नाही, पण त्याने केलेली 44 वी घटनादुरुस्ती टिकली. 'अंतर्गत अशांतता' म्हणून आता आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र उठाव लागतो. जगण्याचा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. माझ्या मते त्या लढ्याची खरी कमाई हीच. आणि ती मिळवून देणाऱ्यांच्या घरच्यांनी एका तारखेसाठी खेटे घालायचे?

मी वकील नाही, सध्याचे नियम जिल्हाधिकारी कार्यालयात विचारूनच घ्या. आमचं काम शेवटी एका पोस्टकार्डाने झालं. बाबांनी नाशिकरोडच्या तुरुंगातून आईला लिहिलेलं, टपालाच्या शिक्क्यावर तारीख स्पष्ट, अटकेनंतर पाचव्या आठवड्यातली. सोबत त्यांच्या बराकीतल्या एका काकांचं शपथपत्र जोडलं. घरातल्या जुन्या ट्रंका, देवघराखालचे डबे उपसा. कार्ड मिळालं तर दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढा, मूळ कार्ड फक्त दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या.