उपकारस्तुती कर, देवाचे आभार मान, म्हणलं की मला अजूनच राग येतो

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या बायका, आणि हल्ली पुरुषही, हे मला बऱ्याचदा विचारतात की मी प्रार्थना करते, प्रभुभोजन घेते, तरी अमक्याबद्दलचा कडूपणा मनातून जात नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय का. यावर नाशिकरोडच्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय पन्नाशीच्या पुढे. आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर, शुगरमुळे पायाची जखम भरत नव्हती, रोजचं ड्रेसिंग, अंघोळ, औषधं सगळं ह्यांनीच केलं. भाऊ पुण्याला, नाताळला फळं घेऊन येणार आणि दुसऱ्या दिवशी परत. आई गेली आणि मग कळलं की शरणपूरचं घर बक्षीसपत्राने भावाच्या नावावर झालंय. तेव्हापासून झोप उडाली, बीपी वाढलं, उपासना चालू असताना डोक्यात भावाशी भांडण. मंडळीत कोणीतरी बायबलमधलं इब्री 12:15 दाखवलं, कडूपणाचं मूळ वाढू देऊ नका, आणि 1 थेस्सलनी 5:18, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्या भावाने मला फसवलं म्हणून देवाला थँक्यू म्हणू का मी?"

नाही म्हणलं, अजिबात नाही. फसवणुकीबद्दल आभार मानायला कोणी सांगितलेलं नाही. उलट घराच्या हक्काचं वकिलाला विचारून घ्या हेही सांगितलं, कारण आपल्यात बऱ्याच जणांना वाटतं की क्षमा म्हणजे गप्प बसून सही करणं.

आधी गाऱ्हाणं काढलं. स्तोत्र 13 मोठ्याने वाचलं. सहाच वचनं आहेत, शेवटी दावीद गातो, पण त्याआधी "कुठवर, कुठवर" म्हणून देवालाच धरतो. ताईंनी तसंच स्वतःचं लिहिलं, भावाचं नाव घेऊन, रडत रडत. हे न करता थेट आभारावर उडी मारली की ते आभार तोंडदेखले होतात असं माझं मत आहे.

मग बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातली नामी. बेथलेहेमला परत आल्यावर ती म्हणते मला "मारा" (म्हणजे कडू) म्हणा, मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी आणलं. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, तिचं दुःख काही खोटं नाही. पण हे ती बोलतीये तेव्हा मवाब देशापासून तिच्यासोबत आलेली सून रूथ शेजारी उभी आहे, आणि नामीच्या हिशोबात ती नाहीच! मी ताईंना विचारलं, त्या वर्षांत तुमच्या मदतीला कोण यायचं? "कोणी नाही हो, मी एकटी."

म्हणून वही दिली. त्यात आठवड्यातून एकदाच, कोणी काय केलं एवढंच नावासकट लिहायचं, "देवा सगळ्यासाठी धन्यवाद" असलं मोघम काही नको. (एमन्स आणि मॅककलो ह्या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासातही एका गटाने आठवड्यातून एकदा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं.) सुरुवातीला रिक्षावाले दादा आले, आईला उचलून जिन्यावरून खाली आणायचे. मग वरच्या मजल्यावरच्या काकू, डबा पाठवणाऱ्या. आणि एका आठवड्यात एकच ओळ, भाची सुट्टीत येऊन आजीची वेणी घालायची. भावाची मुलगी. बापाच्या रागापायी ताईंनी तिचा नंबर ब्लॉक केला होता, म्हणाल्या, "तिने काय केलं होतं माझं?"

नंबर उघडला, पोरगी फोनवर "आत्या" म्हणून नुसती रडली. आता ती अधूनमधून येते. भावाशी अजून बोलणं नाही आणि मी घाईही करत नाही, वकिलाची नोटीस गेलीये. इफिसकर 4:32 मधली क्षमा ताईंना करायचीच आहे, पण "आज जमलं, काल नव्हतं जमलं" असं चालू आहे. झोप बरीच सुधारली, बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं बजावलंय.

एक मात्र, घरात मारहाण चालू असेल तर ही वही तुमच्यासाठी नाही, आधी तिथून बाहेर पडा, 181 ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा, बाकीचं नंतर बोलू.